कोरोनामुळे गौरी-गणपती यंदा घरातच: आरती, पाहुणे, विसर्जन कसं जमवायचं? (ठाणे)

कासारवडवलीकरीण, ८ ऑगस्ट २०२०

सासरचे गौरी-गणपती आमच्याकडे असतात. २२ ला चतुर्थी, २५ ला गौरी येणार, २७ ला सगळ्यांचं एकत्र विसर्जन. घरात सासूबाई आहेत, वय ७४, मधुमेह आणि बीपी दोन्ही. दीर-जाऊ कोपरखैरण्याला असतात आणि दिरांचं महाप्याच्या एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं सुरू झालंय. दरवर्षी ते सगळे दिवस राहायलाच येतात. चुलतसासरे म्हणतायत, यंदा गावी देवगडला चला, तिथे मोकळं आहे.

दिरांना राहायला बोलवावं, की नुसतं आरतीपुरतं? मूर्ती एक फुटाची शाडूची सांगितली आहे, ती बादलीत विरघळते का, की पाइप तुंबतो? सोसायटीत पोडियमवर (पार्किंगवरच्या स्लॅबवर) मोठा हौद करायचं घाटतंय, तो बरा पडेल का? आणि बाहेरून येणारी फुलं, दुर्वा, फळं सॅनिटायझरने पुसायची का? ‘काळजी घ्या’ सगळेच सांगतात, कशी घ्यायची ते सांगा.


शाडूवाला, ८ ऑगस्ट

मूर्ती आणि विसर्जनाचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

एक फूट यंदाच्या सरकारी नियमात बसतं. यंदा घरगुती मूर्तीला दोन फुटांची, सार्वजनिकला चार फुटांची मर्यादा आहे. पण एक फुटाची मूर्ती नेहमीच्या बादलीत मावत नाही. उंची मावली तरी पाट, पाय आणि उंदीर धरून बैठक नऊ-दहा इंच भरते आणि कडेला हात अडकतो. साधारण १८ इंच व्यासाचा, १५ इंच खोल प्लास्टिकचा टब घ्या. त्यात फूटभर पाणी म्हणजे पन्नास लिटर, म्हणजेच पन्नास किलो. टब आधी जागेवर ठेवायचा आणि मग भरायचा. टीपॉयवर, स्टुलावर किंवा खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये अजिबात नको.

मूर्ती घ्यायला जाल तेव्हा उलटी न करता बैठकीचा खालचा, रंग न लागलेला भाग बघा. बोट ओलं करून तिथे घासा. शाडू लगेच चिकट होतो, बोटाला राखाडी चिखल लागतो आणि मातीचा वास येतो. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) पाणी पितो पण मऊ पडत नाही, आणि टिचकी मारली की पोकळ वाजतो. शाडूची मूर्ती वजनाला चांगलीच जड आणि ठिसूळ असते. उचलताना खालून बैठकीला धरा. खांद्याला किंवा हाताला धरलं की पहिला जातो तो मोदकाचा हात. पावसाचे दिवस आहेत, वरून प्लास्टिक हवंच, पण घरी आल्यावर लगेच काढा. आत दमट राहिलं की रंगाला फोड येतात.

विसर्जनाआधी हार, कंठी, फेटा, मोती, जरीचं कापड, टिकल्या सगळं उतरवून घ्या. साधे पाण्याचे रंग असतील तर पातळ भाग दोन-तीन तासांत सुटतात, भरीव बैठकीला रात्रभर लागते. सकाळपर्यंत मूर्ती तशीच राहिली तर वरून ऑइलपेंट किंवा वॉर्निश मारलेलं असतं आणि पाणी आत शिरतच नाही. त्यासाठी पाण्यात सोडण्याआधीच बैठकीच्या तळाला दोन-चार ओरखडे काढून ठेवावेत. टबावर स्वच्छ कापड घाला. अर्धवट विरघळलेली मूर्ती लहान मुलांनी बघू नये असं घरातल्या मोठ्यांना वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

पाइपचं म्हणाल तर गढूळ पाणी नहाणीत ओतलंत की शाडू ट्रॅपमध्ये (पाइपच्या वाकलेल्या भागात) बसणार, वाळला की सिमेंटसारखा. दोन दिवस टब हलवू नका. गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी झाडांना घाला. गाळ वर्तमानपत्रावर वाळवा. कुंडीत घालायचा तर चार भाग माती-कंपोस्टला एक भाग, त्याहून जास्त नको, नाहीतर पाणी निचरत नाही आणि मुळं कुजतात. निर्माल्य त्यात मिसळू नका, ते वेगळं कंपोस्टला.


खिडकीउघडा, ९ ऑगस्ट

फुलांपासून सुरुवात करतो कारण सगळ्यांची मेहनत तिथेच वाया जातेय. फुलं, दुर्वा, पत्री साध्या पाण्यात बुडवून चाळणीत निथळा, बस्स. फळं-भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. फारच वाटलं तर कोमट पाण्यात ५० पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास भाग) क्लोरीन, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलंय. फळांना सॅनिटायझर, साबण, फिनेल काहीही लावायचं नाही. दाराची कडी, बेलचं बटण पुसायला चार टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी तीन भाग. पितळेच्या समईला ते लावू नका, डाग पडतात. संडासच्या ॲसिडबरोबर तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

खरा धोका आरतीत आहे. ठाण्यातल्या फ्लॅटमधली आरती डोळ्यासमोर आणा. निरांजन विझू नये म्हणून पंखा बंद, समई फडफडते म्हणून खिडकी ओढलेली, बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये दहा-बारा जण आणि ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत वीस मिनिटं मोठ्याने गाणं. बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना तोंडातून कितीतरी जास्त थेंब उडतात. मोठे खाली पडतात, बारीक मात्र बंद खोलीत तरंगत राहतात. अशा आरतीत सासूबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मखर खिडकीसमोर न मांडता आडव्या भिंतीला मांडा, म्हणजे वारा ज्योतीवरून न जाता खोलीतून आरपार जाईल. समईला काचेची चिमणी लावा, पूजेच्या दुकानात मिळते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, एसी बंद. गाणारे एक-दोन घरचेच, तेही मास्क लावून, बाकीच्यांनी टाळ-झांजा वाजवाव्यात. शंख यंदा नको. आरतीचं ताट फिरवू नका, एका जागी ठेवा आणि एकेकाने पुढे येऊन नमस्कार करून मागे जावं.

सॅनिटायझर लावून निरांजनाला हात लावायचा नाही. त्यात ७० टक्के अल्कोहोल असतं, खोलीतल्या तापमानालाच त्याची वाफ पेट घेते आणि दिवसाउजेडी ती ज्योत धड दिसतही नाही. हात पूर्ण कोरडे होईपर्यंत चोळले तर प्रश्न नाही, पण आरतीच्या घाईत कोण थांबतंय? देव्हाऱ्यापाशी साबणाने हात धुऊनच या. बाटली समई-कापरापासून लांब, शक्यतो दाराबाहेर.

दिरांबद्दल. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकांना पाच-सहा दिवस, जास्तीत जास्त चौदा दिवस लागतात, आणि लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून माणूस पसरवतो. म्हणून दारात कपाळावर थर्मामीटर धरणं हे समाधानापुरतं. काल ८ तारीख होती, २२ ला चतुर्थी, म्हणजे बरोबर चौदा दिवस. दीर हे दिवस घरून काम करू शकत असतील आणि जाऊबाईही बाहेर पडणार नसतील, तर राहायला येऊ देत. रोज महाप्याला जाणार असतील तर राहणं नाही. दर्शनाला यावं, मास्क न काढता, दहा-पंधरा मिनिटं, पाणीसुद्धा न घेता. तेवढा वेळ सासूबाई आतल्या खोलीत. पाहुण्यांचा मास्क उतरतो तो जेवताना, चहाला आणि फोटोला. बोलवणं तिथे तोडलं की बाकीचं सोपं आहे. आणि घरातल्या कोणालाही उदबत्तीचा वास येईनासा झाला तर सर्दी समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी वेगळी खोली आणि चाचणी.


बीमकॉलम, ९ ऑगस्ट

पोडियमवर हौद करू नका. कमिटीला हे आकडे दाखवा. सहा बाय चार फुटांचा, तीन फूट पाण्याचा हौद म्हणजे ७२ घनफूट, दोन हजार लिटरच्या वर, दोन टनांपेक्षा जास्त. स्लॅबच्या दर चौरस मीटरवर साधारण नऊशे किलो, शिवाय विटा आणि भोवती उभी माणसं. फक्त मोटारींसाठी धरलेला पार्किंगचा स्लॅब बहुतेक अडीचशे किलोच्या हिशोबाने केलेला असतो. फायर ब्रिगेडची गाडी फिरेल असा पोडियम जास्त मजबूत असतो, पण आपला कोणता ते नकाशावर बघून इंजिनिअरने सांगावं, चेअरमननी नाही. दुसरी भानगड वॉटरप्रूफिंगची. ताडपत्रीखाली एक खडा राहिला की भोक, आणि खाली पार्किंगमध्ये गळती.

जमिनीवर, मातीच्या पट्ट्यात करा. खालची जागा झाडून वाळूचा दोन इंच थर, त्यावर ताडपत्री दुहेरी, कडेला वाळूची पोती. मूर्ती दोन फुटांच्या आतल्या असल्याने अडीच फूट पाणी पुरतं. सगळ्यांनी एकाच वेळी यायचं नाही, विंगप्रमाणे वेळा द्या आणि मूर्ती हौदात सोडायला एकच माणूस नेमा. विसर्जन संपलं की आठवड्याच्या आत हौद रिकामा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर डेंग्यूचेच.

पण चाळीस घरांचे चाळीस टब असतील तर हौद कशाला हवा? खर्च, गर्दी दोन्ही वाचतं.


देवगडचा, १० ऑगस्ट

गावाचं यंदाचं थोडक्यात. १२ तारखेपर्यंत पोचणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरण, म्हणजे सुटका थेट चतुर्थीला. १२ नंतर निघालात तर ४८ तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी लागेल. एसटीने जाणाऱ्याला ई-पास (जिल्ह्याबाहेर जायचा ऑनलाइन परवाना) नको, स्वतःच्या गाडीला पोलिसांचा ई-पास हवा. गावकीचे नियम वेगळे असू शकतात, आधी सरपंचांना फोन करा. ७४ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाईंना नऊ-दहा तास गाडीत बसवून, जिल्हा रुग्णालय लांब असलेल्या वाडीत नेण्यात मला तरी काही मोकळं दिसत नाही.


कासारवडवलीकरीण, १३ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. गाव रद्द, दीर दर्शनापुरते, हौदाचं पत्र कमिटीला दिलं. आता नवीनच. शेजारच्या काकूंनी पीओपीची मूर्ती आधीच आणून ठेवली आहे आणि त्यांनाही घरीच विसर्जन करायचंय. खायच्या सोड्याने विरघळते म्हणतात, खरं का?


शाडूवाला, १३ ऑगस्ट

खायचा सोडा नाही, अमोनियम बायकार्बोनेट. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याने उरलेलं पाणी झाडांना चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियमची ही पद्धत दिली आणि पुणे महापालिका काही वर्षं ही पावडर वाटते. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचं खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत म्हणून विकलं जातं.

मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्या, काट्यावर वजन करून. कमी पडली की आतला गोळा तसाच राहतो. टब दोन तृतीयांशच भरा, पावडर थोडी थोडी घाला, फेस येतो. दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्याने ढवळा. ४८ तास धरून चाला. तांब्या-पितळेचं काहीही त्यात नको. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे बंद न्हाणीघरात नाही, उघड्या बाल्कनीत, आणि झाकण घट्ट लावायचं नाही कारण आत वायू तयार होतो. काकूंना दमा असेल तर हा उद्योग करू नये, मूर्ती पालिकेच्या स्वीकृती केंद्रात द्यावी. उरलेलं पाणी फार कडक असतं, एका भागाला निदान पन्नास भाग साधं पाणी घालूनच झाडांना, नाहीतर झाड करपतं.

हे नको असेल तर यंदाच्या सरकारी सूचनेतच आणखी एक वाट आहे. शक्य असेल तर विसर्जन माघी गणेशोत्सवापर्यंत किंवा पुढच्या भाद्रपदापर्यंत पुढे ढकलता येतं. उत्तरपूजा करून मूर्ती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायची.


माहेरवाशीण, २० ऑगस्ट

गौरींचं कोणी लिहिलं नाही म्हणून. सवाष्ण जेवायला न बोलावता शिधा द्या. अर्धा किलो तांदूळ, पाव किलो चणाडाळ, पाव किलो गूळ, एक नारळ, विड्याची पानं-सुपारी, कापडी पिशवीत, दाराच्या कडीला अडकवून. हळदी-कुंकवाला एका करंड्यात सगळ्यांची बोटं नकोत. कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि गजरा, ज्याने त्याने घरी लावावं. ओवशाची (गौरीला ओवाळायची) सुपं घरातल्या घरात, शेजारी फिरवू नयेत. प्रसादाला पंचामृत, तीर्थ आणि कापलेली फळं टाळा. पंचखाद्य कोरडं असतं, लहान पुड्या आदल्या रात्री भरून ठेवता येतात. खोबरं मात्र मंद आचेवर नीट भाजा, ओलसर राहिलं की तिसऱ्या दिवशी खवट लागतं. उकडीचे मोदक घरच्यापुरतेच, दोन वाट्या पिठीत मध्यम आकाराचे एकवीस होतात.

आणि काकूंना सांगा, ठाणे महापालिकेने यंदा विसर्जनाच्या वेळेची ऑनलाइन नोंदणी ठेवली आहे. घाटावर जायचंच असेल तर ठिकाण आणि वेळ आधी घ्यावी लागेल. २७ ला गौरी-गणपती म्हणजे संध्याकाळी गर्दी, दुपारची वेळ मागा. आरती घरीच उरकायची, तिथे करायची नाही. न्यायला दोघं पुरे, मुलं आणि सासूबाई घरी. पाट आणि ताम्हण परत आणायचं असेल तर त्यावर नाव लिहा, तिथे सगळे सारखेच दिसतात.