जर्मनीत मास्टर्स करताना पार्ट-टाइम कामावर दुसरं वर्ष निघतं का?

कृष्णाकाठ
ऑक्टोबरच्या सेमिस्टरला माग्डेबुर्गला निघतोय, मेकॅनिकलमध्ये मास्टर्स. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते) 11,904 युरो कर्ज काढून भरले. बाबा म्हणतात, "पहिलं वर्ष आम्ही बघतो, दुसरं तू तिथे काम करून काढ." मी हो म्हणून बसलोय. पण नेटवर कुणी 20 तास म्हणतं, कुणी 120 दिवस, कुणी 140. नेमका नियम काय? शिवाय बाबांच्या ओळखीतले एक काका पुण्यात डिझाइनची कामं घेतात. ते म्हणतात, तिथून रात्री ड्रॉइंग करून पाठव, पैसे तुझ्या इथल्या, सांगलीच्या खात्यात टाकतो. चालेल का हे? जर्मन ए1 झालंय, ए2 चालू आहे.

स्नोबूट
मी केम्निट्झला आहे, थिसिस लिहिते आहे (म्हणजे इथे टाइमपास करते आहे).

120 विसर, ते जुनं. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे. चार तासांपर्यंत काम केलं की अर्धा दिवस धरतात. 20 तासांची भानगड मुळात विम्याची आहे. लेक्चर चालू असताना आठवड्याला त्याहून जास्त काम केलंस, तर साधारणपणे तुला विद्यार्थी न धरता नोकरदार धरतात आणि विद्यार्थ्यांचा स्वस्त हेल्थ इन्शुरन्स हातचा जातो. शनिवार-रविवार, रात्रीचं काम यात सवलती आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नकोस.

आता फायद्याचं. ज्या आठवड्यात 20 तासांच्या आत राहिलास, तो अख्खा आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो. अडीचकी आठव: बावन्न आठवड्यांचे 130 दिवस. म्हणजे वर्षभर 20 तास केले तरी 140 च्या आतच. आणि लेक्चर नसतात त्या काळात तास कितीही झाले तरी आठवडा अडीचच दिवसांचा. म्हणून इथली शहाणी मुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुल टाइम राबतात आणि परीक्षेच्या तोंडावर काम आवरतं घेतात.

बाबांच्या हिशोबाचं म्हणशील, तर 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आणि मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिन्याला 603. म्हणजे 43 तासांत मर्यादा संपली. ब्लॉक्ड अकाउंटमधून तुला महिन्याला 992 मिळणार, खर्च साधारण तेवढ्यातच बसवायचा असतो. मिनीजॉबने भाडं आणि विमा सुटेल, जेवण नाही. पूर्ण खर्च निघतो तो वेर्कश्टुडेंटच्या, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायच्या, नोकरीत. आठवड्याला 20 तास, महिन्याला बाराशेच्या आसपास, त्यातून 9.3 टक्के पेन्शनला जातात. पण ती नोकरी पहिल्या सेमिस्टरला, ए2 जर्मनवर मिळेल असं धरून घर सोडू नकोस. कंपन्यांना मीटिंगमध्ये बोलणारा माणूस लागतो.

काकांना नम्रपणे नाही म्हण. असं फ्रीलान्स काम इथे स्वयंरोजगारात मोडतं आणि त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेची, वेगळी परवानगी लागते. पैसे सांगलीच्या खात्यात आले तरी काम तू माग्डेबुर्गमध्ये बसूनच करणार ना?

त्यापेक्षा हिवीच्या मागे लाग. हिवी म्हणजे विद्यापीठातली विद्यार्थी-सहायकाची कामं, ती 140 दिवसांत मोजतच नाहीत. मी वर्षभर मटेरियल्सच्या लॅबमध्ये रेझिनमध्ये बसवलेले धातूचे तुकडे घासून-पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली फोटो काढले. कंटाळवाणं काम, पण इंग्रजीवर भागलं, आणि थिसिसचा विषय तिथेच मिळाला. प्रोफेसरांना मेल टाकून वाट बघत बसू नकोस. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्यांना लिही, हाताखाली माणूस त्यांनाच हवा असतो. मेलमध्ये तुला कुठलं सॉफ्टवेअर येतं ते पहिल्या दोन ओळींत यायला हवं.

पहाटपाळी
ताईंनी सगळं साहेबी काम सांगितलं, मी गोदामातलं सांगतो. पहाटे चारची पाळी, बॉक्स उचलायचे, स्कॅन करायचे. भाषा लागत नाही, कंबर लागते. आठ वाजता सुटलं की सव्वानऊच्या लेक्चरला बसता येतं, जागं राहता येईल याची हमी नाही.

भावा, आल्या आल्या पत्ता नोंदव. त्यानंतर पोस्टाने टॅक्स आयडी येतो. तो मालकाला दिला नाहीस तर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापतात आणि पगार बघून रडू येतं. जास्त कापला गेलेला कर पुढे रिटर्न भरून परत मिळतो, चार वर्षांपर्यंत मागचं भरता येतं. हॉटेलच्या किचनमध्ये लागणार असशील तर आधी आरोग्य खात्याकडून स्वच्छतेची माहिती घेतल्याचं प्रमाणपत्र काढ. कामावर रुजू होताना ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही.

आणि मिनीजॉबलाही भरपगारी रजा असते, चार आठवडे झाल्यावर आजारपणाचा पगारही मिळतो. आपण विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. "करार नको, रोख देतो" म्हणणारा भेटला की तिथून निघायचं. हात अडकला मशीनमध्ये तर तो तुला ओळखही दाखवणार नाही.

कृष्णाकाठ
दोघांचे आभार. बाबांना 603 आणि 992 कागदावर लिहून दाखवले. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "मग नोकरी न मिळाली तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

स्नोबूट
आहे की. दुसऱ्या वर्षासाठीही कर्ज आत्ताच मंजूर करून ठेवता येतंय का ते बँकेत विचार, उचलू मात्र नकोस. शैक्षणिक कर्ज हप्त्याहप्त्याने मिळतं आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. नोकरी मिळाली तर हात लावू नकोस. तिथे राहण्याचं परमिट वर्षाचंच मिळालं, तर ते वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात, तेव्हाही ते मंजुरीपत्र जवळ असलेलं बरं. ते काय काय ग्राह्य धरतात हे मात्र तिथल्या कार्यालयात आधी विचारून घे. आणि ए2 वर थांबू नकोस, सप्टेंबरपर्यंत बी1 चं पुस्तक तरी उघड.