मदत हवी आहे: ट्रम्प मीडियाच्या शेअरचे मूल्य मोजावे तरी कसे?

नमस्कार.

माझी सारी नोकरी सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात झाली असल्यामुळे ताळेबंद वाचण्याची सवय आहे; परंतु अमेरिकेच्या शेअर बाजारातील काही व्यवहारांचा मला नीट उलगडा होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे ट्रम्प मीडिया अँड टेक्नॉलॉजी ग्रुप, म्हणजे 'ट्रुथ सोशल' हे समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीचे थोडे शेअर आहेत. विलीनीकरणाच्या आधी, भाव सतरा-अठरा डॉलर असताना त्याने ते घेतले होते. "दादा, तू एकदा आकडे बघ आणि सांग, ठेवू की काढून टाकू," असे तो म्हणाला. आकडे पाहिले आणि उत्तर मिळण्याऐवजी माझेच प्रश्न वाढले. ट्रम्प यांच्या राजकारणावर येथे चर्चा नको, त्यासाठी दुसरे धागे भरून वाहत आहेत. प्रश्न फक्त मूल्यांकनाचा आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिजिटल वर्ल्ड ॲक्विझिशन कॉर्प या कंपनीने, जिच्याकडे स्वतःचा कोणताही धंदा नव्हता, सप्टेंबर 2021 मध्ये बाजारातून पैसा उभा केला आणि पुढच्याच महिन्यात ट्रम्प मीडियाशी विलीन होण्याचे जाहीर केले. अशा कंपन्यांना तिकडे 'स्पॅक' म्हणतात. विलीनीकरण मार्च 2024 मध्ये पार पडले आणि 26 मार्चपासून 'डीजेटी' या चिन्हाखाली नॅसडॅकवर व्यवहार सुरू झाले. पहिल्याच दिवशी भाव 79 डॉलरच्या वर जाऊन आला आणि 57.99 वर बंद झाला. त्या हिशेबाने कंपनीचे बाजारमूल्य जवळजवळ 800 कोटी डॉलर होते. 2023 या संपूर्ण वर्षातील तिची विक्री होती 41 लाख डॉलर आणि तोटा 5 कोटी 82 लाख डॉलर. म्हणजे बाजार विक्रीच्या सुमारे एकोणीसशे पट किंमत देत होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात रेडिट ही कंपनी बाजारात आली होती. तिची 2023 ची विक्री 80 कोटी 40 लाख डॉलर होती आणि विक्रीस काढताना तिचे मूल्य सुमारे 640 कोटी डॉलर धरले गेले होते, म्हणजे साधारण आठपट.

भाव फुगलेला होता हे समजण्यासाठी लेखापरीक्षक असण्याची गरज नाही. मला पडलेला पहिला प्रश्न असा की तो खाली खेचला का गेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ट्रम्प यांच्याकडे निम्म्याहून अधिक शेअर होते आणि त्यांना सहा महिने विक्रीची बंदी होती, त्यामुळे प्रत्यक्ष उलाढालीसाठी मोजकेच शेअर उपलब्ध होते. मंदीवाल्यांना शॉर्ट करायचे, म्हणजे आधी विकून भाव उतरल्यावर परत घ्यायचे, तर शेअर उसने घ्यावे लागतात, आणि एप्रिल 2024 मध्ये त्या उसनवारीचा वार्षिक दर काही शे टक्क्यांवर गेला होता. त्यातच आपले शेअर दलालाने उसने देऊ नयेत यासाठी काय करावे, हे कंपनीनेच भागधारकांना कळवले. मुख्याधिकारी डेव्हिन न्यून्स यांनी तर नॅसडॅकला पत्र लिहून, शेअर हाती नसताना ते विकले जात असल्याची शंका व्यक्त केली. हे सर्व धरले तर भाव म्हणजे बाजाराचे मत न राहता केवळ तेजीवाल्यांचेच मत उरते, असे मला वाटते. हे बरोबर आहे का? सप्टेंबर 2024 मध्ये विक्रीबंदी उठण्याच्या सुमारास भाव बारा डॉलरपर्यंत उतरला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, निवडणूक तोंडावर असताना, पुन्हा पन्नाशीपार गेला. त्या तिमाहीची विक्री जेमतेम दहा लाख डॉलर होती. ती धंद्यातील बदलाची खूण खचितच नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. जानेवारी ते मार्च 2024 या तिमाहीचे नफा-तोटा पत्रक उघडले तर विक्री 7 लाख 70 हजार 500 डॉलर आणि तोटा 32 कोटी 76 लाख डॉलर असे आकडे शेजारी शेजारी दिसतात. इतका तोटा करायला खर्च तरी कुठे झाला, म्हणून टिपा वाचल्या. त्यातील सुमारे 31 कोटी 10 लाख डॉलर रोखीचा खर्च नव्हताच. विलीनीकरणाआधी परिवर्तनीय कर्जरोख्यांचे शेअरमध्ये रूपांतर झाले आणि तो व्यवहार त्या वेळच्या चढ्या भावाशी जोडलेल्या मूल्याने नोंदवावा लागला. म्हणजे शेअरचा भाव जितका फुगला तितका पुस्तकी तोटाही फुगला. असा तोटा मूल्यांकन करताना पूर्णपणे बाजूला ठेवावा, की त्या कर्जदात्यांना स्वस्तात मिळालेले शेअर हा जुन्या भागधारकांनी सोसलेला खरा खर्च मानावा? याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे, भाव ठरावीक काळ 12.50, 15 आणि 17.50 डॉलरच्या वर राहिल्यास ट्रम्प यांना जादा 3 कोटी 60 लाख शेअर मिळण्याची तरतूद होती. पहिल्या महिन्याभरातच ती अट पूर्ण झाली आणि त्यांचे शेअर 7 कोटी 87 लाख 50 हजारांवरून 11 कोटी 47 लाख 50 हजार झाले. विक्रीत वाढ होण्याची अट त्या तरतुदीत नव्हती, याचे मला आजही नवल वाटते.

(जाता जाता: या कंपनीचे लेखापरीक्षक असलेल्या बी. एफ. बोर्गर्स या संस्थेवर मे 2024 मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने मोठ्या प्रमाणावरील फसवणुकीचा ठपका ठेवून तिला कायमचे बाद केले. ट्रम्प मीडियावर त्यात आरोप नव्हता आणि तिने नवे लेखापरीक्षक नेमले. तरीही आमच्या व्यवसायातील माणसाला ही बातमी वाचून वाईट वाटतेच.)

आता मूळ अडचण. भाव फुगलेला असला तरी त्याच्या बळावर कंपनीने अस्सल पैसा उभा केला. वॉरंटधारकांनी (वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने नवे शेअर घेण्याचा हक्क) भरलेली रक्कम आणि यॉर्कव्हिल या गुंतवणूकदारास टप्प्याटप्प्याने विकलेले शेअर यांमुळे 2024 अखेर तिच्याकडे रोख आणि अल्पमुदतीची गुंतवणूक मिळून सुमारे 77 कोटी 70 लाख डॉलर जमा होते. त्या वर्षीची विक्री होती 36 लाख. 2025 मध्ये तिने नवे शेअर आणि परिवर्तनीय रोखे विकून आणखी सुमारे 240 कोटी डॉलर मिळवले आणि त्यातील बराचसा पैसा बिटकॉइनमध्ये घातला. त्या सप्टेंबरअखेर तिच्याकडे 11,542 बिटकॉइन होते. बिटकॉइन उतरला तसा शेअरही उतरला. मग डिसेंबर 2025 मध्ये अणुसंमीलनातून ऊर्जा मिळवण्याच्या खटपटीत असलेल्या टीएई टेक्नॉलॉजीजशी विलीन होण्याचा करार जाहीर झाला, ज्यात दोन्ही बाजूंच्या भागधारकांना नव्या कंपनीत साधारण निम्मा-निम्मा वाटा मिळायचा आहे.

त्यामुळे 'विक्री नाही, म्हणून किंमत शून्य' असे आतेभावाला सांगता येत नाही, आणि 'तिजोरीत पैसा आहे, म्हणून ठेव' असेही सांगवत नाही, कारण तो पैसा चढ्या भावाने शेअर घेणाऱ्यांच्याच खिशातून आलेला आहे. अमेरिकी बाजारात प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा तेथे गुंतवणूक करणाऱ्या सभासदांनी कृपया इतके सांगावे: अशा कंपनीचे मूल्य काढताना बिटकॉइन आणि रोख यांतून परिवर्तनीय रोख्यांचे देणे वजा करून उरलेली रक्कम हाच पाया धरतात का, आणि त्याहून जास्त मिळणारी किंमत, म्हणजे अधिमूल्य, ट्रम्प यांच्या नावाचे समजावे की टीएईच्या भवितव्याचे? निम्मा वाटा देऊन जे मिळणार आहे त्याची किंमत ताडून पाहण्याची, बाहेरच्या माणसाला जमेल अशी काही रीत आहे का? आतेभावाच्या दलालाने त्याचे शेअर उसने देण्याविषयी विचारले आहे; त्या व्याजातील किती हिस्सा धारकाला मिळतो, आणि उसने दिलेल्या काळात विलीनीकरणावरील मतदानाचा हक्क कुणाकडे राहतो, हेही कळले तर बरे होईल. त्याचे खाते रोखीचे आहे, मार्जिनचे (दलालाकडून उसन्या पैशावर चालणारे) किंवा निवृत्तीचे नाही. शक्य झाल्यास उत्तरात आकडेमोड दाखवावी, म्हणजे मला ती त्याला जशीच्या तशी पाठवता येईल.