मदत हवी आहे: नाशिकमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी काळजी केंद्र चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्या मावशीला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. वय ७१. केमो थांबवली आहे. आता जे करायचं ते रोगासाठी नाही, त्रासासाठी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मुदत कोणी सांगत नाही, पण बोलण्याचा सूर पाहता महिन्या-दोन महिन्यांचा हिशोब धरून चाललोय.

मावशी अविवाहित, झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. पंचवटीत मामाच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. मामा-मामी दोघांचीही सत्तरी उलटलीय, मामीचे गुडघे गेलेले. मी इंदिरानगरला, नोकरी अंबडला, तीही शिफ्टची. मावशीला सगळं माहीत आहे आणि तिचं डोकं आमच्यापेक्षा ठिकाणावर आहे. ‘मला खोटं सांगू नका आणि दुखू देऊ नका, बाकी तुमचं तुम्ही बघा,’ एवढंच तिचं म्हणणं.

दुखणं पोटातून पाठीत जातं. आडवं पडलं की वाढतं, उशी पोटाशी धरून पुढे वाकलं की जरा कमी होतं. त्यामुळे रात्र बसूनच जाते. ट्रामाडॉल आता पुरत नाही.

दोन केंद्रं पाहून आले. पहिलं गंगापूर रोडच्या बाजूला. लिफ्ट, बाग, प्रत्येक खोलीत टीव्ही, भिंतीवर सुविचार. मॉर्फिनचं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘तसली औषधं आम्ही ठेवत नाही. सलाईनमधून पेनकिलर देतो.’ डॉक्टरांशी बोलायचंय म्हटलं तर आधी डिपॉझिट भरून बेड बुक करा म्हणे. दुसरं आडगावच्या पुढे, जुना बंगला, मोजके बेड. भिंतींना रंग हवाय. पण तिथल्या सिस्टर एका आजोबांना कुशीवर वळवत होत्या, त्यांचं काम पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते आवडलं. मात्र डॉक्टर फक्त संध्याकाळी येतात.

तिसरा पर्याय घरीच ठेवायचं आणि एजन्सीकडून बारा-बारा तासांची बाई. चौथा पुणे.

मामा म्हणतो पहिलं घेऊ, ‘निदान स्वच्छ तरी आहे’. मला तिथे काहीतरी खटकतंय, पण मामाला पटेल असं मांडता येत नाहीये. ज्यांनी हे अनुभवलंय किंवा या क्षेत्रात काम केलंय, त्यांनी सांगा: बघायला गेल्यावर नेमकं काय विचारायचं? काय बघायचं? केंद्राचं नाव इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

— भाची_इंदिरानगर

निवृत्त_सिस्टर

ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण ठेवून घेणारी जागा ‘मॉर्फिन ठेवत नाही’ म्हणत असेल, तर तो वृद्धाश्रम आहे. चांगला वृद्धाश्रम असेल, पण तुमचं काम तिथे होणार नाही.

मॉर्फिनचा कायदा पूर्वी फार किचकट होता, प्रत्येक राज्याचे परवाने वेगळे. २०१४ साली अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध प्रशासनाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एक मान्यता घेतली की मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं ठेवता येतात. म्हणून पहिला प्रश्न सरळ हाच विचारा: ही मान्यता तुमच्याकडे आहे का? नसेल तर मॉर्फिन कुठून आणता आणि शनिवारी रात्री संपलं तर काय करता? ‘बघू, होईल सोय’ हे उत्तर चालणार नाही. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही.

दुसरा प्रश्न मी नेहमी सुचवते, कारण उत्तर देणाऱ्याला किती येतं ते त्यातून लगेच कळतं. ‘मॉर्फिन सुरू केल्यावर आणखी काय देता?’ जाणकार माणूस क्षणात म्हणेल, पोट साफ होण्याचं औषध. मॉर्फिनने पोट जवळजवळ प्रत्येकाचं बांधलं जातं आणि ते आपोआप सुटत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून लागतं. मळमळ आणि झापड बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. समोरचा जर ‘सवय लागेल’, ‘श्वास थांबेल’ असं घाबरवायला लागला, तर उठून या. योग्य डोस हळूहळू वाढवत दिला तर त्यातलं काही सहसा होत नाही. साधं मॉर्फिन साधारण चार तास टिकतं, म्हणून ते घड्याळ लावून द्यायचं असतं, कळ आल्यावर नाही. मधेच कळ उठली तर जादा डोस कोणता, हे चार्टवर आधीच लिहिलेलं असायला हवं. एखादा चार्ट दाखवा म्हणा, नाव झाकून दाखवतील. दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यात रोज लिहिलंय का बघा. नुसतं बीपी, पल्स, टेंपरेचर लिहिलं असेल तर दुखणं तिथे कोणी विचारत नाही, असं समजा.

आणि जाताना सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीकडे लादी पुसलेली असते. रात्री आठ-नऊला जा, शक्यतो रविवारी. किती जण ड्युटीवर आहेत ते मोजा, त्यांतल्या नोंदणीकृत नर्स किती आणि नुसत्या मावश्या किती ते विचारा. रुग्णांचे ओठ बघा. तोंड कोरडं, जिभेवर पांढरा थर म्हणजे तोंडाची निगा नाही. पडून पडून टाचांना आणि माकडहाडाला झालेल्या जखमा दाखवत नाहीत, पण वास लपत नाही. कोणाचे हात पट्टीने बेडला बांधलेले दिसले तर पुढचं काही विचारायची गरज नाही. आडगावच्या सिस्टरनी तुमच्याकडे बघितलं नाही, ही माझ्या दृष्टीने त्या केंद्राची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

अजून एक. विचारा की तुमच्याकडचे किती रुग्ण इथेच शांतपणे जातात आणि किती जणांना शेवटच्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलला पाठवता? बरीच केंद्रं सगळं नीट करतात आणि श्वास बदलला की घाबरून रुग्ण हलवतात. मग आयसीयू, नळ्या, व्हेंटिलेटर. जे टाळायला आलो तेच पदरात.

तुमच्या मावशीचं दुखणं वाचून एक सुचवते, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. स्वादुपिंडाच्या दुखण्यासाठी पोटामागच्या नसांच्या गुच्छात इंजेक्शन देऊन ब्लॉक करतात. सगळ्यांना जमत नाही, पण अंगात थोडी ताकद असतानाच विचारायचं असतं. आणि फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची वेदनाशामक पट्टी) लावला तर त्यावर गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका. उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं. पाठ दुखते म्हणून घरोघरी हेच होतं.

निसर्गोपचार_प्रेमी

केमिकल औषधांनी शरीर अजून खराब होतं. गव्हांकुराचा रस आणि गोमूत्र अर्क चालू करा, स्टेज चार बरी झालेली उदाहरणं आहेत. नंबर व्यनि करतो.

भाची_इंदिरानगर

नको. त्याने कॅन्सर बरा होत नाही, आणि धाग्याचा विषयही वेगळा आहे.

सिस्टर, फार फार आभार. पिशवीचं आजच मामीला सांगितलं. पॅच अजून नाही, पण पिशवी रोज चालू आहे.

नाशिकरोडचा

आम्ही बाबांना घरीच ठेवलं होतं, म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो.

तुमची मावशी वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही असं धरतो. जिन्याला वळण असेल तर स्ट्रेचर वळत नाही, खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. आत्ताच ठरवा, ती वरच राहणार की खालच्या खोलीत बेड लावायचा. तिला विचारून ठरवा. हॉस्पिटलचा बेड, एअर गादी, ऑक्सिजनचं मशीन भाड्याने मिळतं. मशीन घेतलंत तर इन्व्हर्टर ते पेलतो का हे आधी बघा.

एजन्सीची बाई आणि घरी येणारी पॅलिएटिव्ह (म्हणजे रोगावर नाही, त्रासावर उपचार करणारी) टीम यांत गल्लत करू नका. बाई अंघोळ घालेल, कूस बदलेल, भरवेल. दुखणं वाढलं तर ती तुम्हालाच फोन करणार. टीममध्ये डॉक्टर हवा, नर्स हवी, आणि रात्री दोनला लागणारा नंबर हवा. तो नंबर करार करण्याआधी एकदा खरंच रात्री लावून बघा. मी लावला होता, म्हणूनच एक टीम सोडून दुसरी घेतली.

आणि कागद. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यावा लागतो, घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ. अमरधामला विधीच्या वेळी तो विचारतात आणि पुढे महापालिकेत नोंद करायलाही तोच लागतो, नोंदीची मुदत २१ दिवस. म्हणून टीमला विचारा, पहाटे काही झालं तर सही करायला कोण येईल? ‘जवळच्या हॉस्पिटलला घेऊन जा’ असं उत्तर आलं तर ती टीम शेवटपर्यंत सोबत नाही. फॅमिली डॉक्टरांशीही आत्ताच बोलून ठेवा. त्यांनी पेशंट अलीकडे पाहिलेलाच नसेल तर ते सही करायला कचरतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

वारजेवाली

पुण्याचं विचारलंय म्हणून. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे आणि कॅन्सरच्या रुग्णांना तिथे पैसे पडत नाहीत. घरचं एक माणूस सोबत राहतं, त्याला सगळं शिकवतात आणि त्रास आटोक्यात आला की बऱ्याच जणांना घरी पाठवतात. म्हणजे एकदा नेलं की शेवटपर्यंत तिथेच, असं नाही. मला वाटतं लोकांना हेच माहीत नसतं. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं.

पण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत इतका प्रवास त्यांना झेपेल का? डॉक्टर हो म्हणाले तर निघण्याआधी औषधाचा डोस आणि वाटेतला डोस ठरवून घ्या. सोबत कोण राहणार हा प्रश्नही आहेच, मामा-मामींचं वय बघता.

वाचनमात्र_होतो

मावशी शुद्धीत आहेत आणि स्पष्ट बोलतात, तर वैद्यकीय इच्छापत्र करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आधी मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यात लिहिता येतं. केंद्रात जाताना त्याची प्रत दाखवा. ‘हे आमच्याकडे चालत नाही’ म्हणाले तर तेही एक उत्तरच.

निवृत्त_सिस्टर

वरच्या मुद्द्याला जोडून. खाणं कमी झालं की नातेवाइकांचाच धीर सुटतो आणि ‘निदान एक सलाईन तरी लावा’ म्हणून मागे लागतात. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्नपाणी मागत नाही, सलाईनने सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. चांगलं केंद्र हे तुम्हाला आधीच बसवून समजावतं. वाईट केंद्र सलाईन लावतं आणि बिलात धरतं. मामांना हे आत्ताच सांगून ठेवा.

भाची_इंदिरानगर

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

रविवारी रात्री मामाला घेऊन दोन्ही ठिकाणी गेले. गंगापूर रोडला वॉचमनने आतच सोडलं नाही, भेटीची वेळ संपली म्हणे. मामा स्वतःच म्हणाला, ‘मग आपल्याला तरी रात्री कोण आत सोडणार?’ मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

आडगावला सिस्टरनी चार्ट दाखवला. दुखण्याचा रकाना आहे, भरलेला आहे. मॉर्फिनची मान्यता त्यांची नाही, पण येणारे डॉक्टर ज्या हॉस्पिटलशी जोडलेले आहेत तिथली आहे, आणि प्रत्येक रुग्णाच्या नावाने गोळ्या आठवड्याला येतात. रविवारी रात्री संपल्या तर काय, यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘एकदा झालं होतं. तेव्हापासून शुक्रवारीच मोजतो.’ शेवटी हॉस्पिटलला पाठवता का, तर कागदावर लिहून दिलं असेल तर नाही.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. तिचा निर्णय: जमेल तितकं घरी, खालच्या खोलीत, खिडकीशी बेड. घरी आवरेनासं झालं की आडगाव. पुणे नको, ‘वाटेत हाडं खिळखिळी होतील’. इच्छापत्राचा मसुदा तिने स्वतःच लिहिलाय, वर माझ्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. नोटरीला घरी बोलावतोय. ब्लॉकबद्दल गुरुवारी डॉक्टरांना भेटायचंय.

आता दोन गोष्टी अडल्यात. पंचवटीत घरी येणारी, डॉक्टरसकट टीम कोणी वापरली आहे का? आणि सिव्हिलला पॅलिएटिव्हची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा? फोन कोणी उचलत नाही.

नाशिकरोडचा

आम्ही घेतलेली टीम पंचवटीत येते. व्यनि केलाय. सिव्हिलचं फोनवर कळणार नाही, सकाळी लवकर जाऊन चौकशी खिडकीवरच विचारा. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट आणि आधारच्या झेरॉक्स सोबत ठेवा. पहिल्या फेरीत मावशींना नेऊ नका, तुम्ही एकट्या जा.