एम्प्टी लेगचं विमान: गुडगावहून पुण्याला कुत्र्यासह यायचंय, सल्ला हवा

मृणाल_ग
नमस्कार. मार्चअखेर आम्ही गुडगावचं बिऱ्हाड हलवून कायमचे पुण्याला येतोय. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई (वय 79) आणि आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा, नऊ वर्षांचा, 31 किलो. अडचण त्याचीच आहे. नेहमीच्या विमानात केबिनमध्ये छोट्या पिंजऱ्यात मावेल एवढाच प्राणी चालतो. आणि आखूड नाकाच्या जातींना सामानाच्या कप्प्यात घ्यायला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. त्यात त्यांचं चूक नाही, उकाड्यात आणि घाबरल्यावर या कुत्र्यांचा श्वास कोंडतो. गाडीने चौदाशे किलोमीटर सासूबाईंना झेपणार नाही.

एका ब्रोकरने सुचवलं की दिल्ली-मुंबई एम्प्टी लेग, म्हणजे रिकाम्या परतणाऱ्या भाड्याच्या विमानाची फेरी घ्या. सहा आसनी जेट, साडेतीन लाख अधिक कर, ‘निम्म्याहून कमी’ भाव म्हणतो. घराच्या सामानाचा ट्रक, नवीन डिपॉझिट हे सगळं चालू असताना ही रक्कम आमच्यासाठी मोठी आहे, पण कुत्र्याला मागे ठेवून येणं शक्य नाही. कोणी असा प्रवास केलाय का? काय काय विचारून घ्यावं?

धावपट्टी
मृणालताई, मी चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एम्प्टी लेग म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रवासाची उरलेली बाजू. एखादं कुटुंब मुंबईहून दिल्लीला लग्नाला गेलं आणि तिथेच आठवडाभर राहिलं, की विमान रिकामं परत येतं. त्या फेरीचे पैसे बहुतेक वेळा त्या कुटुंबाकडून आधीच घेतलेले असतात, त्यामुळे कंपनीला तुमच्याकडून मिळेल ते वरचं. स्वस्त पडतं ते यामुळे. पण याचाच अर्थ असा की विमान कधी आणि कुठून सुटणार हे त्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात. त्याने तारीख बदलली की तुमची फेरी गेली. कंपनी पैसे परत देईल, पण तुमच्यासाठी दुसरं विमान उभं करणार नाही.

त्यामुळे मार्चअखेरच्या फेरीचा भाव आज कोणी छातीठोकपणे देत असेल तर सावध राहा. खऱ्या एम्प्टी लेग साधारण चार-पाच दिवस आधी कळतात, कधी आदल्या दिवशी. दिल्ली-मुंबईवर त्या सगळ्यात जास्त निघतात हे मात्र तुमच्या फायद्याचं.

आता पैसे. साडेतीन लाखांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 63,000. एकूण 4,13,000. हा भाव अख्ख्या विमानाचा असतो, त्यामुळे पाच माणसं बसा की एक, रक्कम तीच. लँडिंग, पार्किंग, हँडलिंग, क्रूचा मुक्काम हे सगळं धरून आहे का, ते लेखी घ्या. ब्रोकर म्हणतो ते ‘निम्म्याहून कमी’ हे कशाच्या निम्म्याहून, तेही विचारा. त्याच दिवशीच्या त्याच विमानाच्या पूर्ण चार्टरचा भाव दुसऱ्या कंपनीकडून मागवा आणि मगच सवलत खरी की फुगवलेली ते ठरवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: विमान कोणाचं? ब्रोकरकडे स्वतःचं विमान नसतं. ज्या कंपनीचं विमान आहे तिच्याकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाविना भाड्याने उड्डाणं करण्याचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि ते विमान त्याच कंपनीच्या परवान्यावर आहे का, ते पडताळा. एखाद्या उद्योगपतीच्या खाजगी नोंदणीचं विमान भाड्याने देता येत नाही. तरी ते गुपचूप फिरवलं जातं, आणि अशा उड्डाणात काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी हात वर करते. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. जेटसेटगो, क्लब वन एअर अशा कंपन्यांकडे थेट विचारणाही करून ठेवा.

रानजाई
आम्ही आईला गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर अहमदाबादहून मुंबईला असंच आणणार होतो. आदल्या संध्याकाळी फोन आला, फेरी रद्द. आईची आवराआवर झाली होती, औषधांच्या वेळा त्यानुसार बसवल्या होत्या. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी कित्येक आठवडे पाठपुरावा करावा लागला. मृणाल, परताव्याची मुदत दिवसांत लिहून घेतल्याशिवाय एक रुपया पाठवू नकोस. आणि पैसे कंपनीच्याच खात्यात, कोणा व्यक्तीच्या नाही.

परदेशी_पाखरू
मी न्यू जर्सीत असते. इथेही हेच. एफएएच्या (डीजीसीएसारख्याच इथल्या यंत्रणेच्या) ‘पार्ट 135’ या भाड्याच्या विमानांच्या नियमांखाली प्रमाणपत्र असलेला ऑपरेटर आहे का, हा पहिला प्रश्न. इथल्या टेटरबरो विमानतळावरून फ्लोरिडाला जाणाऱ्या एम्प्टी लेग भरपूर दिसतात, पण ज्यांना ठरलेल्या दिवशी पोचायचंय त्यांनी त्यावर विसंबू नये. करही वेगळा पडतो, तिकिटावर 7.5 टक्के.

भुसावळ_जंक्शन
मृणालताई, विमानाचा बेत असू द्या, पण हाताशी रेल्वे ठेवा. प्रथम वर्ग एसीत कुत्रा नेता येतो, अट एवढीच की दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्याच नावावर हवी. तिकिटं कन्फर्म करून केबिनसाठी अर्ज करावा लागतो, आणि वाटप चार्ट लागताना होतं. लसीकरणाची कागदपत्रं घेऊन सुटण्याच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात त्याची नोंद करायची. नवी दिल्लीहून मुंबई राजधानीने रात्रभराचा प्रवास. चौघं आणि कुत्रा केबिनमध्ये, पाचव्या माणसाने त्याच गाडीत दुसरा बर्थ घ्यायचा. खर्च विमानाच्या मानाने नगण्य. मला विचाराल तर आजींनाही झोपून येणंच बरं पडेल.

मृणाल_ग
सगळ्यांचे मनापासून आभार. भुसावळ, राजधानीची तिकिटं उघडल्या दिवशीच काढतेय. धावपट्टीकाका, ब्रोकरकडे नोंदणी क्रमांक मागितला, तर ‘विमान निश्चित झाल्यावर सांगू’ म्हणाला. याला नाही म्हटलंय. दोन कंपन्यांना थेट लिहिलं आहे, 24 ते 31 मार्च यांतला कुठलाही दिवस चालेल असं सांगून. पण थेट पुण्याला उतरणारं मिळण्याची आशा ठेवावी का?

धावपट्टी
आठवडाभराची मोकळीक दिलीत हे उत्तम केलंत.

पुण्याचं म्हणाल तर मुद्दाम वळवायला सांगितलं की सवलत संपते, तो वेगळा चार्टर होतो. पण मुंबईत छोट्या विमानांना उभं राहायला जागा फार कमी आहे. माणसं उतरवून विमान मुक्कामाला दुसरीकडे पाठवायचं, हे आमच्याकडे रोजचं काम होतं. म्हणून कंपनीला असं विचारा: ‘त्या दिवशी विमान शेवटी कुठे उभं राहणार आहे?’ ‘पुणे’ असं उत्तर आलं, तर तुमचं काम थोडक्यात होऊ शकतं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे उतरण्याची वेळ त्यांच्या मुभेवर. नाही जमलं तर कालिन्याच्या जनरल एव्हिएशन टर्मिनलबाहेर गाडी उभी ठेवा आणि द्रुतगती मार्गाने घरी. मुंबईत गर्दीच्या तासांत अशा विमानांना उतरू देत नाहीत, त्यामुळे वेळ अडनिडी असू शकेल.

हवामान खराब आहे म्हणून कॅप्टन थांबला, तर त्याला घाई करू नका. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट 45 मुंबईत पावसात, अंधूक दृश्यमानतेत उतरताना कोसळलं होतं. आतले आठही जण वाचले, पण विमानाचे तुकडे झाले.

कुत्र्याचं वजन आणि जात बुकिंगच्या आधीच कळवा. सगळेच विमानमालक केबिनमध्ये प्राणी घेऊ देतात असं नाही, आणि काही जण सफाईचे वेगळे पैसे लावतात. सामान मऊ पिशव्यांत घ्या, लहान जेटचा कप्पा अरुंद असतो. मोठ्या सुटकेसा ट्रकने पाठवा.

मृणाल_ग
एक शेवटचं. तो गाडीतही धापा टाकतो. झोपेचं औषध देऊन न्यावं का?

डॉ_चतुष्पाद
मी पशुवैद्य आहे. नका देऊ. आखूड नाकाच्या कुत्र्याला गुंगी आली की घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट आणखी अरुंद होते. उंचीवर केबिनमधली हवा जमिनीपेक्षा विरळ असते, तेव्हा धोका वाढतो. नऊ वर्षांचा बॉक्सर म्हणजे हृदयही तपासायला हवं, या जातीत ठोक्यांची अनियमितता बऱ्याचदा सापडते. निघण्याच्या पंधरवडाभर आधी ईसीजी करून घ्या, तेव्हाच प्रवासाच्या योग्यतेचा दाखला मागा. निघायच्या चार-पाच तास आधी हलकं खाणं, पाणी मात्र चालू ठेवा. गळ्यात पट्टा नको, हार्नेस घाला. उड्डाण पहाटेचं मिळालं तर तेच घ्या, मार्चच्या दुपारी दिल्लीचा टार्मॅक त्याच्या पायांना भाजेल. यातलं बहुतेक सगळं राजधानीलाही लागू आहे, तेव्हा तपासणीला थांबू नका, याच आठवड्यात वेळ घ्या.