अकरा आठवड्यांचं कॉकाटील: दिवसा झोपतं, शी गडद हिरवी. नव्या जागेचा ताण की आजार?

पिवळातुरा (प्रश्न)

कॉकाटीलचं (तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं) पिल्लू, वय अंदाजे ११ आठवडे, घरी येऊन ६ दिवस झाले. देताना सांगितलं होतं की हाताने भरवणं सुटलंय, दाणे स्वतः खातं. सध्या दिसतंय ते असं:

दुपारी दोन-तीन वेळा पिसं फुलवून झोपतं. दिवसातून पाच-सहा शिंका, नाक मात्र कोरडं. शी पहिल्या दोन दिवसांपेक्षा लहान आणि गडद हिरवी, जवळजवळ काळपट. त्यातला पांढरा भाग पांढराच. माणूस जवळ आला की मान वरखाली हलवत एकसारखं किरकिर करतं. दाण्यांची वाटी सकाळी भरतो, संध्याकाळी बरीचशी तशीच भरलेली असते. खेळतं, पण थोडा वेळच.

यातलं काय वयामुळे आहे आणि काय काळजीचं?

दांडीवरून

कोरड्या पाच-सहा शिंका सोडून द्या. कॉकाटीलच्या अंगावर पिसांची पांढरी पूड भरपूर असते, त्याने शिंका येतात. नाकपुडी ओली झाली, वरची पिसं चिकटली किंवा डाग पडले, तर मात्र ती शिंक वेगळी. दुपारची झोपही या वयात चालते. फक्त एक पाय पोटाशी घेऊन, चोच करकर घासत झोपलं तर निवांत आहे. दोन्ही पायांवर, फुगून, डोळे अर्धवट मिटून बसलं आणि आवाज केल्यावरही पिसं लगेच खाली बसली नाहीत, तर बरं नाही.

मला खटकतात त्या दोन गोष्टी: शी आणि किरकिर. काही सांगण्याआधी हे तपासून कळवा:

१. वजन. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, सकाळची पहिली शी झाल्यावर, खाण्याआधी.
२. छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पिल्लू वाळलंय. धरताना छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास होतो.
३. वाटीवर हलकी फुंकर मारा. किती उडतं आणि किती उरतं?
४. शांत बसलेलं असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर होते का? उडून आल्यावर मिनिटभर होणं वेगळं.

हिरवीगारबाग

पाण्यात टाकायची अँटिबायोटिक पावडर मिळते. तीन दिवस देऊन बघायला काय हरकत आहे? इन्फेक्शन असेल तर आटोक्यात येईल.

दांडीवरून

हरकत आहे. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे औषध किती पोटात गेलं ते कळत नाही. पाण्याची चव बदलली तर पिणंच थांबवतो. आतड्यातले चांगले जंतू मरून बुरशी वाढते. शिवाय नंतर डॉक्टरांनी तपासणीला नमुना घेतला तर त्यात काही सापडत नाही. आणि इथे इन्फेक्शन आहे असं अजून कुठे ठरलंय?

पिवळातुरा

वजन ८२ ग्रॅम. आणलं त्या दिवशी ९२ लिहून दिलं होतं. हाड टोकदार लागतंय. शेपूट हलत नाही. वाटीवर फुंकर मारली तर जवळजवळ सगळी फोलपटं उडाली, खाली दहा-बारा दाणे राहिले. राळ्याचं कणीस कुरतडलेलं दिसतं, पण दाणे बरेचसे खाली सांडलेत.

दांडीवरून

म्हणजे पिल्लू उपाशी आहे. कॉकाटील दाणा सोलून फोलपट वाटीतच टाकतं, म्हणून वाटी भरलेली दिसते. त्यात या वयाची पिल्लं दाणा चोचीत घोळवतात, पण गिळतात कमी. मान हलवत किरकिरणं म्हणजे ‘भरवा’ अशी मागणी. भरवणं सुटलंय असं सांगितलं असलं तरी ते पूर्ण सुटलेलं नाही, किंवा जागा बदलल्यावर मागे गेलं. पोटात अन्न नसलं की शीचं प्रमाण घटतं आणि पित्तामुळे ती गडद हिरवी दिसते. ९२ वरून ८२ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. १० टक्क्यांच्या पुढे वाट बघायची नसते, आणि एवढ्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही जड जातो.

आजच्या आज, याच क्रमाने:

आधी ऊब. पिंजऱ्याच्या एका बाजूला २९ ते ३२ अंश सेल्सिअस, दुसरी बाजू थंड, म्हणजे त्याला सरकता येईल. पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागलं तर जास्त झालं. नॉनस्टिक लेप असलेले उष्णतेचे बल्ब वापरू नका, तापल्यावर त्यांचा वायू पक्ष्याला मारतो. दांडी जमिनीपासून चार बोटं वर, दाणा-पाणी तिच्या शेजारी.

अंग गरम झाल्यावरच भरवा. गार पिल्लाच्या क्रॉपमधलं, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीतलं, अन्न पुढे सरकत नाही आणि आंबतं. हाताने भरवायचं तयार पीठ ३९-४० अंशांवर, थर्मामीटर लावून. ४३ च्या वर क्रॉप भाजतो. मायक्रोवेव्हमध्ये कुठे गरम कुठे गार राहतं, म्हणून गरम पाण्यातच कालवा. क्रॉपमध्ये वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं मावतं, म्हणजे इथे ८ मिली; पहिल्यांदा ४ मिलीच द्या. कडा वळवलेल्या चमच्याने, ते स्वतः ओढून घेईल तेवढंच. चोच उघडून सिरिंज खुपसली तर अन्न श्वासनलिकेत जातं.

दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी आधी क्रॉप चाचपा. रात्रीचं सकाळपर्यंत पूर्ण उतरायला हवं. फुगीर राहिला, आंबट वास आला किंवा डोकं झटकून उलटी केली (डोक्याच्या पिसांना चिकटलेलं दिसतं), तर पुढचं भरवणं थांबवा आणि तिथूनच डॉक्टरांकडे.

दाणे बंद करू नका, पसरट ताटलीत पातळ थर ठेवा. फोलपटं दिवसातून दोनदा फुंकून काढा.

निळीचोच

वरचं सगळं मान्य, पण डॉक्टर उद्यासाठी पक्के करा. पक्षी कधी पाहिलेच नसतील असे नकोत, पक्षी तपासणारे हवेत. भूक हे खरं कारण असलं तरी ‘खात का नाही’ याच्या मागे दुसरं काही असू शकतं. शीत अख्खे दाणे दिसले तर जठराच्या यीस्टची तपासणी सांगा. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृत, आणि सिटॅकोसिसची (पोपटांपासून पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराची) पीसीआर चाचणी. हा आजार माणसालाही होतो, म्हणून कोरडी शी झाडू नका, ओली करून पुसा. घरात कोणाला ताप, कोरडा खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना पक्षी असल्याचं सांगा.

नेताना लहान डबा, आत दांडी नको, तळाला टॉवेल. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला. सकाळची शी साध्या कागदावर न घेता प्लॅस्टिकवर घ्या. कागद पाणी शोषतो आणि जुलाब आहे की नुसतं मूत्र जास्त आहे ते ओळखता येत नाही. काकडीसारखं रसाळ काही खाल्लं असेल तर तेही सांगा, त्यानेही शीभोवती पाणी दिसतं.

पिवळातुरा

दुपारी ४ मिली घेतलं, चमचा सोडत नव्हतं. चार तासांनी क्रॉप सपाट लागला. संध्याकाळची शी मोठी, रंग जरा फिका. उद्या अकराची वेळ मिळालीय.

दांडीवरून

मग आता ६ मिली. उद्या निघण्याआधी भरवू नका, भरलेल्या क्रॉपवर डॉक्टरांनी हाताळलं तर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याऐवजी सकाळी सातलाच उरका. भरवण्याआधीचं वजन लिहून न्या.