चिनी औषधं आणि ‘दुष्परिणाम शून्य’

तिरकस_तात्या:
‘चिनी वैद्यकाची ओळख’ हा लेख वाचला. यिन-यांग, नाडी, जीभ पाहणं वगैरे झकास. पण शेवटी लिहिलंय, ‘दोन हजार वर्षांची परंपरा, सगळं वनस्पतिजन्य, त्यामुळे दुष्परिणाम शून्य.’ डोकंच फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

१९९०च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकनं बायकांना वजन घटवायला चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या. त्यात स्टेफानिया टेट्रांड्रा ही वनस्पती हवी होती, आली अरिस्टोलोकिया फांगची ही विषारी. बाजारात दोन्ही ‘फांगची’ नावानंच विकल्या जातात. शंभरावर जणांची मूत्रपिंडं गेली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आणि हे विष लगेच दिसत नाही. पाला खाऊन माणूस संध्याकाळी आडवा झाला तर परंपरेला कळतं. कर्करोग वीस वर्षांनी झाला तर त्या काढ्याची आठवण कोणाला राहणार? अरिस्टोलोकिया वंशातलीच ‘ग्वान मू तोंग’ खुद्द चीननं बंद केली, तीही २००३ मध्ये. दोन हजार वर्षं काय करत होती परंपरा?

मूळ_लेखक_मीच:
अर्धवट सांगू नका. त्याच क्लिनिकमध्ये भूक मारणाऱ्या फेनफ्लुरामिनसारख्या अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्याही सोबत देत होते. वजन घटवायला फांगची देणं ही चिनी पद्धतच नव्हे. आणि २०१५चं नोबेल विसरलात? चिनी शास्त्रज्ञ यूयू तू बाईंना मलेरियाच्या औषधाचा धागा चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात सापडला.

तिरकस_तात्या:
धागा सापडला, औषध नाही. बाईंनी इथरनं कमी तापमानावर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. एवढं सगळ्या काढ्यांचं करा, मी पहिला रांगेत उभा राहतो.

खवचट_काकू:
चीन कशाला, आपल्या गुळवेलीचं बोला की! कोरोनात सोसायटीतला प्रत्येक जण कुंपणावरची वेल उकळून पीत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, तर आयुष मंत्रालय म्हणालं, ती दुसरीच वेल असेल. अहो, मग कुंपणावरची कुठली ते कोण सांगणार? आमच्या जाऊबाई पिवळ्या पडल्या तेव्हा वेल ओळखायला कोणी आलं नाही.

शुद्ध_आयुर्वेद:
आलात का आयुर्वेदावर! विषारी बचनाग शोधन करून, म्हणजे विष उतरवून, वापरायला आपण शिकवतो, चिनीही त्यांचा फूझी, म्हणजे बचनागाच्याच जातीचं मूळ, उकळून विष कमी करूनच घेतात. पॅरासिटामॉलनं यकृत जातं, त्यावर काढा की धागा.

तिरकस_तात्या:
पॅरासिटामॉलची कमाल मात्रा पाकिटावर छापलेली असते. २००४ मध्ये बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ते कुठल्या पाकिटावर छापलं होतं?

शुद्ध_आयुर्वेद:
भस्म आणि कच्चा धातू यातला फरक कळत नसेल तर वाद घालू नये. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

खवचट_काकू:
नका बोलू, पण भस्माचा रिपोर्ट तेवढा टाका इथे.

सोलापुरी_भाऊ:
अहो, डॉ. कोटणीसांमुळे चीनशी आपलं नातं आहे. जरा आदरानं बोला.

तिरकस_तात्या:
कोटणीस सर्जन होते, काढे देत नव्हते. चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं, ते सांगा हवं तर.

सिंगापूरकर:
इथे चिनी वैद्याला सरकारी नोंदणी लागते. सासूबाईंचा गुडघा दुखायचा म्हणून नेलं. त्यानं आधी चालू गोळ्यांची यादी मागितली. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी दिसल्यावर म्हणाला, डानशेनचं मूळ वगैरे काही पोटात देणार नाही, रक्त जास्तच पातळ होईल. मग अगदी मोजक्या सुया टोचल्या. आता त्या बाजारात चालत जातात.

तिरकस_तात्या:
हा वैद्य मान्य. यादी मागणारा दहांत एक भेटला तरी मी गप्प बसेन. माझ्या मामांना कोणीतरी परदेशातून ‘चिनी’ सांधेदुखीच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, आठवड्यात पळायला लागले. तपासल्यावर आत स्टिरॉइड. साखर चारशे.

मूळ_लेखक_मीच:
बरं बाबा, ‘जाणकाराकडून घेतल्यास’ एवढे शब्द घातले. वाक्य काढणार नाही.

खवचट_काकू:
सिंगापूरकर, तो गुडघेवाला व्हिडिओ कॉलवर बघतो का हो?

सिंगापूरकर:
काकू, सुया तुम्हीच टोचून घेणार का?