अमेरिकेतलं दोन वर्षांचं ग्रीन कार्ड: ही अट काढावी की ठेवावी?

वाटसरू
अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं की ग्रीन कार्ड मिळतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते कार्ड सशर्त असतं, दोनच वर्षांचं, हे पुष्कळ मुलींना तिकडे गेल्यावर कळतं. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत नवराबायकोने मिळून आय-751 अर्ज भरायचा, लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे, मग शर्त निघते. खोटी लग्नं रोखायला 1986 च्या कायद्याने ही अट आणली.

माझ्या मते ती रद्द व्हावी. माझ्या मैत्रिणीला प्रत्येक भांडणात एकच वाक्य ऐकावं लागायचं, "सही करणार नाही, मग बस रडत." आणि ती गप्प व्हायची. बँकेचं खातं त्याचं, भाडेकरारावर नाव त्याचं, विजेचं बिल त्याचं. तिच्या नावाने त्या घरात येणारं एकमेव पाकीट दातांच्या डॉक्टरांकडचं. पत्त्याचा पुरावा म्हणून ती ती पाकिटं पिठाच्या डब्यामागे जपून ठेवायची.

चौकट
वाचून वाईट वाटलं. पण अट काढली तर पैसे मोजून लग्न करणाऱ्यांना रान मोकळं होईल. पहिल्या मुलाखतीची उत्तरं दोघांना घोकून जाता येतं, दोन वर्षांचा संसार घोकता येत नाही. शिवाय सही मिळाली नाही म्हणून सगळं संपत नाही. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल तर एकट्याने अर्ज करता येतो, 90 दिवसांची वाटही बघावी लागत नाही. छळाची तरतूद तर 1990 पासून आहे.

वाटसरू
तरतूद आहे, मान्य. पण त्या मार्गाने जायला हातात कागद लागतात, आणि ज्याच्यापासून सुटायचं त्याच्याच नावावर सगळे कागद! घटस्फोटाच्या कारणाने अर्ज करायचा तर घटस्फोट पूर्ण व्हावा लागतो, तो कोर्टाच्या तारखांवर. मुळात असा अर्ज करता येतो हेच तिला दीड वर्ष माहीत नव्हतं. शेवटी शेजारणीने आणि मी प्रतिज्ञापत्रं लिहून दिली, ती पाकिटंही जोडली. सुटली ती.

राहिला फसवणुकीचा प्रश्न. खोट्या लग्नाला 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहेच. एकदा लग्न खोटं ठरलं की पुढे खरं लग्न केलं तरी त्या माणसासाठीचा अर्ज मंजूर होत नाही. एवढा धाक पुरत नाही का?

रांगेतला
मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांच्या कोट्यात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आम्ही भारतीय वर्षानुवर्षं रांगेत. नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादाच नाही. ग्रीन कार्डानंतर तीन वर्षं एकत्र राहिलं की नागरिकत्वाचा अर्जही करता येतो, आम्हाला ग्रीन कार्डानंतर पाच. एवढं मिळत असताना दोन वर्षांची परीक्षा जड वाटू नये.

वाटसरू
तुमची रांग अन्यायाची आहे, त्यात दुमत नाही. पण ही सवलत बाहेरून येणाऱ्याची नाहीच, ती त्या नागरिकाची आहे, आपल्या माणसासोबत आपल्या देशात राहता यावं म्हणून. तिची तुलना नोकरीच्या कोट्याशी कशी करायची?

तिसरी खिडकी
मी पलीकडच्या बाजूची. नागरिक मी, नवरा लग्न करून आला. आय-864 वर मी सही केली, म्हणजे त्याच्या पोटापाण्याची हमी घेतली. कार्ड हातात पडल्यावर वर्षाच्या आत तो वेगळा राहायला लागला. घटस्फोट झाला तरी ती हमी संपत नाही, तो नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर कामाच्या 40 तिमाही जमेपर्यंत. माझ्यासारखीने काय करायचं? अट आहे तेवढी तरी असू द्या.

वाटसरू
ताई, तुमचं नुकसान खरं आहे. पण अट असूनच ते झालं ना? घटस्फोटानंतर तो एकट्याने अर्ज करू शकतो, आणि हमीपत्र त्या अटीवर अवलंबून नाही. तुम्हाला दिलासा हवा तर घटस्फोटाबरोबर हमी संपायला हवी. ती मागणी करा, मी तुमच्या बाजूने आहे.

तिसरी खिडकी
हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मान्य. तरी दुसरी तपासणी नको, हे अजून पटत नाही.

चौकट
माझंही तपासणी हवी हेच मत. फक्त एक बदलतो. दोघांची एकत्र सही नको. ज्याचं कार्ड त्याने स्वतः अर्ज करावा, जोडीदाराचं म्हणणं अधिकाऱ्याने वेगळं ऐकावं.

वाटसरू
सही गेली तर माझा निम्मा विरोध गेला. उरलेला निम्मा भाडेकरारावरच्या नावाचा आहे.